धन्याचे वर्तन आणि राखणीचा कुत्रा

मळ्यावर वस्ती करून राहणाऱ्या शेतकऱ्याने राखणीसाठी कुत्रा पाळावा ही आपल्याकडील फार जुनी चाल आहे. पूर्वी गावातलेच एखादे चांगले पिलू उचलून आणले जाई. मराठवाड्यात कारवान किंवा पश्मी, तर दक्षिणेकडील सीमाभागात मुधोळ जातीचा कुत्रा पाळण्याची हौस असे. अलीकडे या हौसेत भर पडली आहे. रस्त्याकाठच्या बागाईत वस्त्यांवर जर्मन शेफर्ड, डोबरमन, रॉटवायलर यांसारखी अंगापिंडाने थोराड कुत्री दिसू लागली आहेत. कुत्रा जेवढा मोठा व जेवढा तिखट, तेवढी राखण चोख, असा यामागचा हिशेब असतो. हा हिशेब कोठे चुकतो ते मात्र, वस्तीवर आलेल्या एखाद्या पोराच्या पायाचा लचका तोडला गेल्यावरच कळते.

असा प्रसंग घडला म्हणजे गावात निकाल लागावयास वेळ लागत नाही. "जातच तशी" असे कोणी म्हणतो, "रक्ताची चटक लागली" असे दुसरा म्हणतो. कुत्र्याला गोळी घातली जाते, विष घातले जाते, अथवा रात्री टेम्पोत घालून दूरच्या हमरस्त्यावर सोडून दिले जाते. महिन्याभरात त्याच वस्तीवर नवे पिलू येते आणि त्याच खुंट्याला, त्याच साखळीने बांधले जाते. दीड-दोन वर्षांनी तेही चावते. या सर्व काळात धन्याच्या वागणुकीची चौकशी कोणी करीत नाही. वस्तुतः चौकशी तेथूनच सुरू व्हावयास हवी.

ही गोष्ट शेतकऱ्याला परकी वाटावी असे काही कारण नाही. खोंड मारका का होतो हे त्याला पुरते ठाऊक असते. वासरू लहान असताना पोरे त्याच्या कपाळाला कपाळ लावून ढुशा देण्याचा खेळ खेळतात. सर्वांना मौज वाटते. तेच वासरू वर्षादोन वर्षांत खोंड होते आणि दावणीजवळ जाणाऱ्यास शिंगावर घेते. त्या वेळी जाणता शेतकरी पोरांच्या कानाला धरतो. बैलाच्या जातीला दोष देत बसत नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र हेच शहाणपण तो बाजूला ठेवतो, याचे नवल वाटते.

प्रथम साखळीचा विचार करू. दिवसभर चार हात साखळीने बांधलेल्या कुत्र्याची स्थिती काय असते? भीती वाटली म्हणजे कोणत्याही प्राण्यापुढे दोन वाटा असतात: पळून जाणे किंवा अंगावर जाणे. साखळीने यांपैकी पहिली वाट बंद केली. मग अनोळखी माणूस, गुरे, मोटारसायकल असे जे जे जवळ येईल त्यावर तुटून पडणे एवढेच त्याच्या हाती उरते. त्यात आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पाऊलवाटेने जाणारा माणूस आपल्या कामासाठी जात असतो आणि थोड्याच वेळात तो दिसेनासा होतो. पण कुत्र्याच्या समजुतीप्रमाणे आपण भुंकलो, साखळीला हिसके दिले, म्हणून तो गेला. असा विजय त्याला दिवसातून वीस वेळा मिळतो. पोस्टमन गेला, दूधवाला गेला, वीजमंडळाचा लाइनमन गेला. वर्षभरात हा धडा इतका पक्का होतो की ज्या दिवशी साखळीची कडी झिजून तुटते त्या दिवशी तो कुत्रा मोकळा झाल्याच्या आनंदात उड्या मारीत नाही, तर शिकलेला धडा पुरा करतो.

अमेरिकेतील डेन्व्हर शहरी १९९१ साली नोंदल्या गेलेल्या चाव्यांवरून एक पाहणी झाली व ती १९९४ साली प्रसिद्ध झाली. चावणाऱ्या १७८ कुत्र्यांची तुलना त्याच वस्तीतील न चावणाऱ्या तितक्याच कुत्र्यांशी करण्यात आली. आवारात साखळीने बांधून ठेवलेली कुत्री चावणाऱ्यांत आढळण्याचा संभव सुमारे २.८ पट, तर नसबंदी न केलेल्यांचा २.६ पट दिसून आला. तो परदेश आहे, तेथील घरे व रस्ते निराळे आहेत हे खरे. पण साखळीला बांधलेल्या जीवाची स्वभावप्रवृत्ती देशादेशांत बदलते असे मानण्यास काही आधार नाही. चावणारे म्हणून आधीच माहीत असलेले कुत्रे बांधले जात असतील, असा आक्षेप अशा पाहणीवर घेता येतो. तो योग्यही आहे. परंतु आधी चावला म्हणून बांधला आणि बांधल्यामुळे अधिक चावरा झाला, हे चक्र वस्तीवस्तीवर पाहावयास मिळते, आणि ते सुरू करणारा हात दोन्ही वेळा धन्याचाच असतो.

दुसरी गोष्ट माराची. "कुत्र्याला धाक पाहिजे" हे वाक्य खेड्यात ब्रीदासारखे उच्चारले जाते. यामागे एक कल्पना अशी आहे की कुत्रा हा लांडग्याचा वंशज. लांडग्यांच्या टोळीत बलवान तो मुख्य. तेव्हा धन्याने मारझोड करून आपले वर्चस्व दाखवावयास हवे. या कल्पनेचे मूळ बऱ्याच अंशी रुडॉल्फ शेंकेल या शास्त्रज्ञाने १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत आहे. ती निरीक्षणे कोंडवाड्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांची होती. पुढे मोकळ्या रानातील लांडग्यांचा अभ्यास वाढला तेव्हा असे दिसले की टोळी म्हणजे बहुधा आईबाप व त्यांची पिले यांचे कुटुंबच असते. डेव्हिड मेक या अभ्यासकाने, ज्याच्या १९७० च्या ग्रंथाने जुन्या कल्पनेचा बराच प्रसार झाला होता, त्यानेच १९९९ मध्ये ही दुरुस्ती स्पष्टपणे मांडली. शास्त्रज्ञांनी सोडलेली समजूत मळ्यावर मात्र अजून काठी घेऊन उभी आहे.

माराचा परिणाम काय होतो हे २००९ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील पशुवैद्यांनी तपासले. वर्तनाच्या तक्रारींसाठी कुत्री घेऊन आलेल्या १४० धन्यांना त्यांनी विचारले की आपण कोणकोणते उपाय योजले आणि त्यावर कुत्र्याने काय केले. कुत्र्याला मारणाऱ्या वा लाथाडणाऱ्यांपैकी ४३ टक्के, तोंडातील वस्तू बळाने काढून घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के आणि कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरणाऱ्यांपैकी ३१ टक्के धन्यांना उलट गुरगुरणे, दात दाखवणे किंवा चावणे यांचा अनुभव आला होता. म्हणजे जो उपाय चावरेपणा मोडण्यासाठी केला जातो तोच पुष्कळदा त्याला खतपाणी घालतो.

येथे गुरगुरण्याविषयी थोडे विस्ताराने सांगावयास हवे, कारण सर्वांत मोठी चूक येथेच होते. कुत्रा एकाएकी चावला असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात तो फार क्वचित एकाएकी चावतो. आधी तो तोंड फिरवतो, ओठ चाटतो, अंग ताठ करतो, शेपटी न हलवता उभा राहतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. मग ओठ वर होतो, मग गुरगुर. ही त्याची भाषा असून "पुढे येऊ नका" एवढाच तिचा अर्थ असतो. धनी यातील पहिल्या खुणा पाहत नाही आणि गुरगुर ऐकली की काठी उचलतो. दोन-चार वेळा मार खाल्ल्यावर कुत्रा गुरगुरणे सोडून देतो. धनी समाधान पावतो की खोड मोडली. परंतु भीती व चीड जागच्या जागी असते. गेली ती फक्त सूचना. असा कुत्रा पुढे खरोखरच न गुरगुरता चावतो, आणि त्याच्या जवळ गेलेल्या मुलाला सावध होण्याची संधीच मिळत नाही. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नये. तो कशामुळे गुरगुरला हे पाहून ते कारण दूर करावे. कानात पू झालेला, अंगावर गोचिड्या माजलेला, पाय दुखावलेला कुत्रा हात लावू देत नाही. त्याचे औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात असते. व्यालेली कुत्री पिलांजवळ कोणाला येऊ देत नाही, तिला काही दिवस आडोसा व शांतता दिली की पुरते.

कुत्रा "तिखट" करण्याचे गावठी उपाय तर याहून वाईट. पिलाचे कान कापणे, नाकाशी मिरचीची धुरी देणे, अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवणे, उपाशी ठेवून पोरांकडून काठीने डिवचणे, "छू" म्हणून वाटसरूंच्या मागे लावणे हे सर्व प्रकार मोठ्या अभिमानाने सांगितले जातात. यांतील एकही उपाय कुत्र्याला राखण शिकवीत नाही. ते त्याला माणसाच्या हाताची, काठीची आणि पोरांच्या आवाजाची दहशत शिकवतात. घाबरलेला कुत्रा चोर आणि सोयरा यांत भेद करीत नाही. घरच्या म्हातारीलाही तो त्याच दृष्टीने पाहतो. चांगल्या राखणदाराचे लक्षण नेमके याच्या उलट आहे. तो परका ओळखतो, आवाज देतो, आणि धन्याने "पुरे" म्हटले की थांबतो. राखणीला लागते ते भुंकणे होय.

असा कुत्रा तयार होतो तो पिलूपणी. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर यांनी अनेक वर्षे पिलांवर संशोधन करून १९६५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही गोष्ट प्रस्थापित झाली आहे की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाच्या मनावर ठसा उमटवण्याचा असतो. या मुदतीत ज्या प्रकारची माणसे, जनावरे, आवाज त्याला सुखरूपपणे भेटतात ती पुढे त्याला आपली वाटतात. मेंढ्यांच्या राखणीची कुत्री पिलूपणापासून मेंढ्यांतच वाढवण्याची अनेक देशांतील मेंढपाळांची रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे. असा कुत्रा लांडग्यावर धावून जातो, पण कोकराच्या अंगाला दात लावीत नाही. उलट जे पिलू या काळात मळ्याच्या कोपऱ्यात एका खुंट्याला बांधून वाढले, ज्याने धन्यावाचून माणूस पाहिला नाही, त्याला पुढे सारे जगच परके असते.

तेव्हा पिलू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. घरी आणल्यावर त्याला म्हातारी माणसे, डोक्यावर भारा घेतलेल्या बाया, चष्मा व टोपी घातलेले पुरुष, सायकली, ट्रॅक्टर हे सर्व दुरून व हळूहळू दाखवावे. येणाऱ्याच्या हातून भाकरीचा तुकडा देववावा. लहान मुलांना एकट्याने पिलाशी खेळू देऊ नये, आणि पिलाच्या तोंडातून हाड ओढून घेण्याची थट्टा तर कोणीच करू नये. हाड सोडवावयाचे असेल तर त्याहून चांगला घास पुढे करावा. पिलू आपण होऊन तोंड उघडते. घरात सर्वांनी एकच नियम पाळावा. बापाने उडी मारली म्हणून लाथ घालावी आणि मुलाने त्याच उडीबद्दल लाड करावे, असे चालले म्हणजे पिलाला काहीच कळत नाही, आणि न कळणे हेही चिडण्याचे एक कारण आहे.

आता दुसरी बाजू. रक्ताला काहीच अर्थ नाही असे म्हणणे हा भाबडेपणा होईल. मुधोळ कुत्रा पळत्या सशामागे धावणारच, आणि राखणीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या जातीचा कुत्रा परक्याकडे संशयाने पाहणारच. भित्र्या किंवा खुनशी मादीची पिले घेऊ नयेत, हा जुना सल्ला आजही बरोबर आहे. परंतु केवळ जातीवरून एखाद्या कुत्र्याचा स्वभाव सांगता येईल काय? २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या धन्यांकडून माहिती घेतली गेली आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुके तपासली गेली. एका कुत्र्याच्या वर्तनात व दुसऱ्याच्या वर्तनात जो फरक असतो त्यापैकी सुमारे ९ टक्के फरकच जातीने समजावता आला. चटकन चिडण्याच्या बाबतीत तर जातीवरून जवळजवळ काहीच सांगता येईना.

मोठ्या कुत्र्याचा खरा धोका जातीत नसून वजनात असतो. घरातले लहान कुत्रे पाहुण्याच्या धोतराला झोंबले तर सगळे हसतात. तोच गुण चाळीस किलोच्या कुत्र्यात असला तर दवाखाना गाठावा लागतो. म्हणून मोठा कुत्रा पाळणाऱ्याची जबाबदारी त्याच्या वजनाच्या मानाने वाढते. अमेरिकेत २००० ते २००९ या दहा वर्षांत कुत्र्यांच्या हल्ल्यांत झालेल्या २५६ मृत्यूंची तपशीलवार छाननी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ८७ टक्के प्रकरणांत मध्ये पडू शकेल असा धडधाकट माणूस जवळ नव्हता. ८५ टक्के प्रकरणांत बळी पडलेल्याची त्या कुत्र्याशी ओळख नव्हती किंवा जुजबी होती. ८४ टक्के कुत्र्यांची नसबंदी झालेली नव्हती. ७६ टक्के कुत्री घरातील माणसांच्या नित्य सहवासात न ठेवता बाजूला ठेवलेली होती. जात कोणती हे मात्र बहुसंख्य प्रकरणांत खात्रीने ठरवताच आले नाही. या यादीतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट माणसाच्या हातची आहे.

तरीही दरवेळी मागणी होते ती जातीवर बंदीची. केंद्र शासनाच्या पशुसंवर्धन विभागाने मार्च २०२४ मध्ये २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री बंद करण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द ठरवले. नेदरलँड्स या देशाने १९९३ मध्ये पिट बुलवर बंदी घातली होती. चावे कमी होत नाहीत असे पाहून २००८ मध्ये ती मागे घेण्याचा निर्णय केला. बंदीने एक सोय होते: धनी सुटतो. आज बंदी असलेल्या जातीऐवजी उद्या तो दुसरी जात आणतो आणि तिलाही तसेच वाढवतो.

कायद्याने धन्याला मोकळे सोडलेले नाही हेही ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी लोकांना सांगावयास हवे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या ११ व्या कलमात, जनावराला अवाजवी वेळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे हा अपराध सांगितला आहे. आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्यास व्यायाम न देणे याचा तर स्वतंत्र उल्लेख आहे. पहिल्या अपराधास त्यात ठेवलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा, म्हणजे आज चहाच्या खर्चाइतका, ही गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे २९१ वे कलम अधिक कडक आहे. ताब्यातील जनावरापासून माणसाला धोका पोहोचू नये एवढी व्यवस्था न ठेवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कुत्रा बांधू नये तर काय करावे, असा प्रश्न शेतकरी विचारील आणि तो रास्त आहे. मोकाट सोडणे हा उपाय नव्हे. दोन खांबांमध्ये जाड तार ताणून तिच्या कडीत साखळी अडकवली तर कुत्र्याला वीस-पंचवीस हात फिरता येते. तार पाऊलवाटेपासून दूर आणि सावलीत असावी. सकाळ-संध्याकाळ धन्याने स्वतः बांधावरून एक फेरी मारून आणावी. ऐपत असेल त्याने आवाराला जाळी मारावी. बाजाराला किंवा दवाखान्यात नेताना, खात्री नसेल तर बैलाला घालतो तसे मुसके घालण्यात कमीपणा नाही. बिबट्याचा वावर असलेल्या ऊसपट्ट्यात एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्यापैकी, वजनाच्या हिशेबाने, ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. तेथे रात्री खुंट्याला बांधलेला कुत्रा राखणदार राहत नाही, तो बिबट्याला दाखवलेले आमिष ठरतो. त्याला रात्री मजबूत जाळीच्या पिंजऱ्यात किंवा ओसरीच्या आत घ्यावे. आवाज तो तेथूनही देतो.

आणि हंगामाचा विचार करावा. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या मळ्यामळ्यांवर उतरतात. त्यांच्या कोप्या बहुधा वस्तीच्या कडेलाच पडतात; आईबाप पहाटे फडात जातात आणि लहान मुले कोपीजवळ राहतात. या मुलांना त्या वस्तीवरील कुत्रा ओळखीचा नसतो आणि कुत्र्यालाही ती मुले ओळखीची नसतात. वर सांगितलेल्या छाननीतील पहिली दोन कारणे, मध्ये पडणारा मोठा माणूस जवळ नसणे आणि ओळख नसणे, येथे एकत्र येतात. चावा झाला तर मुकादम उचल दिलेले मजूर गमावण्याच्या भीतीने गप्प बसतो, बागाईतदार शे-दोनशे रुपये हातावर ठेवतो, आणि परक्या गावात आलेली आई कोणाकडे दाद मागणार? टोळी उतरण्याच्या आधीच बागाईतदाराने कुत्र्याची जागा कोप्यांपासून दूर हलवावी, टोळीतील माणसांना कुत्रा दाखवावा, आणि मुलांनी त्याच्या तारेच्या टप्प्यात जाऊ नये म्हणून खडूची वा चुन्याची रेघ ओढून ठेवावी. यास खर्च काही येत नाही.

चावा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पुरी पंधरा मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना, तेल काहीही भरू नये. आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस टोचून घ्यावी. जखम खोल असेल तर लसीबरोबर प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते, त्याची मागणी करावी. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपाय उरत नाही. कुत्र्याला रागाच्या भरात मारू नये. दहा दिवस बंदोबस्तात ठेवून पाहावे. त्या मुदतीत तो धडधाकट राहिला तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता हे निश्चित होते. लस मात्र या दहा दिवसांसाठी थांबवून ठेवावयाची नाही.

गावच्या कार्यकर्त्याने घरोघर जाताना बी-बियाणांच्या चौकशीबरोबर आणखी चार प्रश्न विचारावे: कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर आणि त्यानंतर दरवर्षी लस टोचली काय, त्याची नसबंदी झाली काय, त्याची साखळी किती हात आहे, आणि गेल्या वर्षभरात तो कोणावर गुरगुरला. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर धनी हसून टाळील. ते उत्तर घरातील मुलांना विचारावे. ती खरे सांगतात.